लिंबाच्या वासाची टाकी

(गावाच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची कचेरी. शनिवार, दुपारचे तीन. खिडकीतून दोन गोल टाक्या दिसतात, त्यांच्या कठड्यांना नवा निळा रंग. आत दोघे : केंद्राचा ऑपरेटर आणि त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे गावाचे अध्यक्ष.)

ऑपरेटर : सगळे मेले, दाजी. एकही शिल्लक नाही.

अध्यक्ष : हळू बोल, बाहेर रंगारी आहेत. कोण मेलं?

ऑपरेटर : टाकीतले जिवाणू.

अध्यक्ष : हात्तिच्या. जीव टांगणीला लावलास ना माझा. मला वाटलं, माणसं.

ऑपरेटर : माणसांचं अजून कळायचंय.

अध्यक्ष : असं अभद्र बोलू नये. बस, चहा घे. प्रवासाचा शीण असेल. लेकीकडे दोन दिवस बरे गेले ना? नातवाचं तोंड पाहिलंस? अकरा वर्षांत माणसानं एक रजा घेतली नाही, हे मला बघवेना. म्हणून मीच सही करून तुला पाठवला.

ऑपरेटर : लेकीलाही तेच सांगत होतो. म्हटलं, दाजींना एकाएकी एवढा पाझर कसा फुटला, काही कळत नाही. आज फाटकातून आत आलो आणि कळलं.

अध्यक्ष : काय कळलं? आवडलं की नाही? कठडे बघ. फाटकापासून कचेरीपर्यंत कुंड्या बघ, चाळीस आहेत. मागच्या टाकीत प्लॅस्टिकचे हंस सोडलेत, ते पाहिलेस?

ऑपरेटर : पाहिले. एक उलटा झालाय.

अध्यक्ष : करतील सरळ. आणि मुख्य म्हणजे नाकाला काम दे जरा. श्वास घे. कसला वास येतो?

ऑपरेटर : लिंबाचा.

अध्यक्ष : लिंबाचा. सांडपाण्याच्या केंद्रात लिंबाचा वास. या ठिकाणी मी तुला सांगू इच्छितो, अकरा वर्षांत तुला जे जमलं नाही ते मी एका सकाळी करून दाखवलं.

ऑपरेटर : किती ओतलंत?

अध्यक्ष : हॉटेलवाल्यांच्या संघटनेनं भेट दिलं. उत्तम प्रतीचं फिनेल, पाच लिटरचे कॅन.

ऑपरेटर : किती कॅन, दाजी?

अध्यक्ष : दीडशे.

ऑपरेटर : फरशीवर?

अध्यक्ष : फरशीवर एक. बाकीचे टाकीत. वास काय फरशीला येत होता? रोग जिथे, औषध तिथे. काल सकाळी नऊ वाजता पहिला कॅन मी स्वतः ओतला. फोटो आहे, दाखवू?

ऑपरेटर : नको. वॉचमननं सांगितलं. त्यानं मला फोनही लावला होता म्हणे, पण नातू छातीवर झोपला होता म्हणून मी फोन बंद करून ठेवलेला. मग त्या बिचाऱ्यानं विचार केला, अध्यक्ष जातीनं ओततायत त्या अर्थी औषधच असणार.

अध्यक्ष : समजूतदार माणूस आहे.

ऑपरेटर : दाजी, तुमच्याकडे दही घरी लावतात ना?

अध्यक्ष : तुझी ताई लावते.

ऑपरेटर : त्याला चमचाभर विरजण लागतं. त्या विरजणात फिनेल ओतलं तर काय होईल?

अध्यक्ष : कोण ओतेल? वेडा आहे का कुणी?

ऑपरेटर : मीही तासभर तोच विचार करतोय.

अध्यक्ष : कोड्यात बोलू नकोस. मला चारला मंडपवाल्याकडे जायचंय.

ऑपरेटर : सरळ सांगतो. ती पुढची मोठी टाकी म्हणजे गावाचं विरजण होतं. गाव मोऱ्यांतून आणि संडासांतून जे जे खाली सोडतं ते तिथे येतं, आणि टाकीतले जिवाणू ते खाऊन टाकतात. मग पाणी मागच्या टाकीत निवळतं आणि समुद्रात जातं. मी फक्त खालून हवा सोडतो आणि त्यांच्यावर लक्ष ठेवतो. हंगाम संपला की पर्यटक जातात, गाव अर्धं होतं, यांची उपासमार होते. तेव्हा मी बेकरीतून शिळे तुकडे आणून घातलेत. थंडीत रात्री उठून हवा कमीजास्त केलीय. बायको म्हणायची, पोरांसाठी कधी उठला नाहीत. अकरा वर्षं, दाजी. केंद्र म्हणजे इमारत नव्हे, पंपही नव्हे. केंद्र म्हणजे ते होते.

अध्यक्ष : मग तिथे एवढे कर्मचारी आहेत हे मला कुणी का सांगितलं नाही?

ऑपरेटर : पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तुम्ही विचारलंत, मतदार यादीत आहेत का.

अध्यक्ष : ते गमतीत. पण मला सांग, इतके कसे नाजूक? गावाची सगळी घाण पचवतात आणि लिंबाच्या वासानं मरतात?

ऑपरेटर : कॅनवर काय लिहिलं होतं?

अध्यक्ष : 'नव्याण्णव टक्के जंतूंचा नायनाट.' मी म्हटलं, बरंच आहे, जंतू वाईटच.

ऑपरेटर : एक टक्का उरला असला तर तो आता सुतकात असेल.

अध्यक्ष : अरे, पण पाणी बघ की. आधी कसलं तपकिरी, लाज वाटायची कुणाला दाखवायला. आता वर पांढराशुभ्र फेस आलाय. मंडपवाला म्हणाला, साहेब, ढग उतरल्यासारखं वाटतं.

ऑपरेटर : तपकिरी होतं म्हणजे ते जिवंत होते. वास यायचा तोही ओल्या मातीचा. हा फेस म्हणजे मढ्यावरची फुलं आहेत.

अध्यक्ष : तुला वास मातीचा वाटत असेल. समितीच्या बाईंना नाही वाटला. विसरलास मागच्या वर्षीचं? मी सगळं गाव दाखवलं, बाकं दाखवली, दिवे दाखवले, आणि या फाटकाशी येऊन बाईंनी पर्समधून रुमाल काढला. नाकाला लावला. फक्त एवढंच. मी तेव्हाच ओळखलं की गेलं. अहवालात लिहिलं, 'परिसरात किंचित दर्प.' अर्धा गुण कापला. आणि त्या अर्ध्या गुणावर 'स्वच्छ किनारा' पताका गेली पलीकडच्या गावाला. त्या गावाला, जिथे साधी बसायला धड भिंत नाही. वर्षभर त्यांचा अध्यक्ष मला दिसला की रुमाल काढून नाक पुसतो. सर्दी नाही, काही नाही. वर्षभर, मेहुणे. तेव्हाच मी ठरवलं होतं.

ऑपरेटर : मला विचारायचंत.

अध्यक्ष : तू नाही म्हणाला असतास.

ऑपरेटर : म्हणून रजेवर पाठवलंत.

अध्यक्ष : नातवाचं तोंड पाहिलंस की नाही? मग झालं तर. आता पुढचं बोल. मेले ते मेले, दुसरे आणू. टेंडर काढायला वेळ नाही, पण तातडीची बाब म्हणून सरळ खरेदी करता येईल. कुठे मिळतात?

ऑपरेटर : दुकानात नाही मिळत. चालू केंद्रातला गाळ टँकरनं आणून टाकीत सोडावा लागतो. विरजण मागून आणतो तसं.

अध्यक्ष : मग आण की. जवळचं केंद्र कुठलं?

ऑपरेटर : पलीकडच्या गावाचं.

अध्यक्ष : ते सोडून.

ऑपरेटर : ते सोडून पुढचं इथून पाच तासांवर आहे. तेवढ्यात टँकरमध्ये निम्मे गुदमरतील.

अध्यक्ष : म्हणजे मी त्या माणसाला फोन करायचा आणि म्हणायचं, तुमच्या गावची घाण आम्हाला द्या?

ऑपरेटर : घाण नव्हे. विरजण.

अध्यक्ष : तो गावभर फलक लावेल. 'आमच्या गाळावर शेजारी जगतात.' शक्य नाही. आपण आपलेच वाढवू, स्वाभिमानानं. किती दिवस लागतील?

ऑपरेटर : आपलेच वाढवायचे तर दोन महिने. त्यांचे आणले तर तीन आठवडे. तेही आधी ही टाकी उपसून, धुऊन.

अध्यक्ष : आणि समिती उद्या दहाला.

ऑपरेटर : समितीचं मला सोयरसुतक नाही. काल सकाळपासून गावाची घाण जशीच्या तशी समुद्रात जातेय, मी त्याचं बोलायला आलोय. तीस तास झाले.

अध्यक्ष : मग पाइप बंद कर.

ऑपरेटर : बंद केला तर साठवणीची टाकी सात तासांत भरेल. मग उलटं वर येईल. सगळ्यात आधी तुमच्या नव्या सभागृहाच्या संडासातून, कारण ते सखल भागात आहे.

अध्यक्ष : सात तास म्हणजे पुष्कळ झाले. उद्या पहाटे सहाला बंद कर, एकपर्यंत थांब. बाई बाराला जातील. आणि गावाला विनंती करू. आज संध्याकाळीच रिक्षातून पुकारा करायचा, 'उद्या सकाळी गावाच्या प्रतिष्ठेसाठी सर्वांनी थोडा संयम बाळगावा.'

ऑपरेटर : कशाचा संयम?

अध्यक्ष : ते लोक समजून घेतील.

ऑपरेटर : दाजी, रविवारी सकाळी सगळं गाव घरी असतं. तुमच्या भाषणाला टाळ्या थोपवता येतील, हे नाही थोपवता येणार. आणि समजा थोपवलं, तरी तीस तासांचं गेलंय त्याचं काय? आपला किनारा वाटीसारखा आहे. आत गेलेलं दोन-दोन दिवस बाहेर पडत नाही. मी येताना बघून आलो. पाइपाच्या तोंडापासून पोहण्याच्या जागेपर्यंत पाण्याला साय धरलीय. उद्या दहा वाजता समितीसमोर तिथे पोहण्याच्या वर्गाची मुलं उतरणार. शिंपल्या वेचणाऱ्या बायका तर आज सकाळीच जाऊन आल्या, हॉटेलात पोचल्यासुद्धा असतील. मला पाटी लावायची आहे. 'पाण्यात उतरू नका.' मोठी, किनाऱ्याच्या दोन्ही टोकांना. तेवढी परवानगी द्या.

अध्यक्ष : पाटी? उद्या? जिथे 'स्वच्छ किनारा' पताका लागायची, तिथे?

ऑपरेटर : मुलं आजारी पडतील. जुलाब, ताप, कावीळ. सगळ्यांना होईल असं नाही, पण कुणाला ना कुणाला होणार. लहान जिवांना बाधतंच.

अध्यक्ष : समुद्र केवढा आहे माहीत आहे ना? तू आणि तुझी टाकी. समुद्राला काय फरक पडतो?

ऑपरेटर : समुद्राला नाही पडत.

अध्यक्ष : मग तू तोंड बंद ठेव. चार महिन्यांवर निवडणूक, हंगामाचा पहिला दिवस, हॉटेलं भरलेली. पताका लागली की पुढची दहा वर्षं गावाला बघायला नको. एका दिवसाच्या पाटीपायी ते घालवू? या ठिकाणी आपण व्यापक विचार केला पाहिजे. आणि अगदीच काही झालं, कुणी विचारलंच, तर सांगायला आपल्याकडे कारण आहे. ऑपरेटर रजेवर होता. त्याच्या अनुपस्थितीत टाकीची देखभाल झाली नाही.

ऑपरेटर : म्हणजे माझं नाव.

अध्यक्ष : नाव कुणी घेतलं? फक्त 'ऑपरेटर' म्हणायचं.

ऑपरेटर : गावात ऑपरेटर कितीजण आहेत?

अध्यक्ष : तुला काय होणार आहे? चार दिवस निलंबन. पाचव्या दिवशी मीच परत घेईन. घरचा माणूस म्हणून तुझ्याकडून एवढी अपेक्षा करू नको?

ऑपरेटर : घरचा आहे म्हणून तर आधी तुमच्याकडे आलो. दुसरा कुणी असता तर पाटी लावून मग आलो असतो. फोन वाजतोय तुमचा.

अध्यक्ष : बघ रे कुणाचा. मघाशी कठड्याला टेकलो, हाताला सगळा निळा रंग लागलाय.

ऑपरेटर : ताईचा आहे.

अध्यक्ष : स्पीकरवर टाक. आणि तू गप्प बस.

ताई : अहो, आहात का? किती वेळ वाजतोय. चिमणीचा पोहायचा पोशाख शिवून झाला. छातीवर गावाचं चिन्ह लावलंय, लाटेखाली दोन मासे. कारटी अंगातून काढायलाच तयार नाही, घालूनच जेवली. उद्या तिला पावणेदहाला आणायचं की आधी? पहिली उडी तिचीच ना?

अध्यक्ष : उद्या तिला पाठवू नकोस.

ताई : कुठे?

अध्यक्ष : पाण्यात. किनाऱ्यावर आण, फोटोत उभी कर. पाण्यात नको.

ताई : का?

अध्यक्ष : सर्दी आहे तिला.

ताई : नाही हो.

अध्यक्ष : होईल.

ताई : दोन महिने त्या पोहण्याच्या मास्तरांच्या मागे लागला होतात, पहिली उडी माझ्या नातीची म्हणून. तो बिचारा दुसऱ्या मुलीचं नाव काढून हिचं घालतो, आणि आज तुम्ही म्हणता, नको?

अध्यक्ष : मास्तरांना कळवून टाक, ताप आलाय. शंभर.

ताई : शेजारच्या खोलीत नाचतेय, ऐकू येतंय का तुम्हाला? आणि आवाज असा घुमतोय का? स्पीकरवर आहे का मी? कोण आहे तिथे?

अध्यक्ष : कुणी नाही.

ऑपरेटर : मी आहे, ताई.

ताई : आलास? नातू कसा आहे?

ऑपरेटर : छान आहे. नाक तुझ्यासारखं.

ताई : मग त्याला सगळं कळेल. काय चाललंय तिकडे?

अध्यक्ष : काही नाही चाललं. चहा घेतोय.

ताई : मी त्याला विचारतेय.

ऑपरेटर : दाजींनी टाकीत दीडशे कॅन फिनेल ओतलं. वास जावा म्हणून. पाणी साफ करणारे जिवाणू त्यात मेले. काल सकाळपासून गावाची सगळी घाण तशीच समुद्रात जातेय.

ताई : आणि त्याच समुद्रात उद्या सहासष्ट मुलं उतरणार.

अध्यक्ष : पासष्ट. चिमणी धरू नकोस.

ताई : काय म्हणालात?

अध्यक्ष : काही नाही.

ताई : नाही, पुन्हा म्हणा. मला नीट ऐकू दे.

अध्यक्ष : अगं, आकडा चुकत होता म्हणून बोललो. तसं म्हणायचं नव्हतं मला.

ताई : आकडा बरोबर आहे तुमचा. आपली काढली की पासष्ट उरतात. त्यांना ताप नाही का हो येणार? की त्यांचे आजोबा अध्यक्ष नाहीत म्हणून त्यांना चालतं?

अध्यक्ष : दोन तासांचा प्रश्न आहे. दहा ते बारा.

ताई : बरं. मग असं करू. पहिली उडी मी मारते. माझ्याकडे पोशाख नाही, गाऊनवर उतरेन. तुम्ही माझ्या शेजारी या. नवराबायको हात धरून पाण्यात, समितीच्या बाई काठावर, फोटो झकास येईल. दोन घोट पाणी नाकातोंडात जाईल तेवढं जाईल. समुद्र मोठा आहे, असं तुम्हीच नेहमी म्हणता. येताय?

अध्यक्ष : काहीतरी बोलू नकोस.

ताई : येताय की नाही, एवढंच सांगा.

अध्यक्ष : तू उतरायचं नाहीस. माझी शपथ आहे.

ताई : नाही उतरत. मला उत्तर मिळालं. आणि तू रे? तू किती वेळ बसलायस तिथे?

ऑपरेटर : झाला अर्धा तास.

ताई : अर्धा तास काय करत होतास?

ऑपरेटर : पाटी लावायची परवानगी मागत होतो.

ताई : फळ्या नाहीत का तिथे? रंग नाही? आत्ताच कठडे रंगवले म्हणतात. पोरं आजारी पडायला कुणाची परवानगी लागत नाही, आणि त्यांना वाचवायला तुला सही हवी. तुम्ही दोघे एकाच माळेचे मणी. हे ओततात आणि तू विचारत बसतोस.

ऑपरेटर : खरं आहे, ताई. लाज वाटतेय मला. नोकरी आठवली आणि पाय जड झाले.

ताई : झाले असतील. आता उचल. अहो, तुम्ही बोलणार आहात काही, की मी पोहण्याच्या मास्तरांना फोन लावू? मी लावला तर तो ताप सांगायला नसेल, हे लक्षात ठेवा. आणि मास्तरांच्या बायकोला कळलं की पंधरा मिनिटांत पलीकडच्या गावाला कळतं.

अध्यक्ष : थांब. थांब जरा. अगं, माझं सगळं वर्ष यात गेलंय.

ताई : मला माहीत आहे. रात्री झोपेत गुण मोजता तुम्ही. वाईट वाटतं मला, खरंच वाटतं. पण म्हणून मी ताप नाही सांगणार.

अध्यक्ष : घे. फळी घे ती कोपऱ्यातली. ब्रश आहे? मी सांगतो तसं लिही. 'या ठिकाणी सर्व नागरिक बंधुभगिनींना कळवण्यास आनंद होतो की...'

ताई : आनंद?

अध्यक्ष : सवयीनं आलं. खोड ते. 'तांत्रिक कारणास्तव समुद्र...'

ताई : समुद्राला कसलं तांत्रिक कारण?

अध्यक्ष : मग 'देखभाल आणि दुरुस्तीसाठी समुद्र तूर्त बंद राहील.'

ऑपरेटर : समुद्राची दुरुस्ती, दाजी? लोक विचारतील कंत्राट कुणाला दिलं.

अध्यक्ष : तू सांग मग. तू तर अकरा वर्षं मला शिकवायची वाट बघत होतास.

ऑपरेटर : 'पाण्यात उतरू नका.'

अध्यक्ष : एवढं उघडंवाघडं?

ताई : एवढंच मुलांना कळतं. पण का ते लिहा. कारण नसलं की पोरं म्हणतात, मोठी माणसं उगीच सांगतात, आणि खडकामागून उतरतात.

अध्यक्ष : 'गावाचं सांडपाणी शुद्ध न होता समुद्रात जात आहे.' लिहिलंस? कसं दिसतं ते. कोण येईल या गावात?

ऑपरेटर : शिंपल्यांचं राहिलं.

अध्यक्ष : 'शिंपल्या वेचू नका, खाऊ नका.' हॉटेलवाले माझी कातडी सोलतील. त्यांचंच फिनेल आणि त्यांच्याच शिंपल्या.

ऑपरेटर : किती दिवस लिहू?

अध्यक्ष : तुला माहीत.

ऑपरेटर : माझ्या नव्हे, तुमच्या हातात आहे. पलीकडच्या गावाला फोन केलात तर तीन आठवडे.

अध्यक्ष : तो रुमाल काढून हसेल.

ताई : हसू दे. त्याला म्हणा, सर्दी झाली असेल तर औषध घे, आणि टँकर पाठव.

अध्यक्ष : लिही तीन आठवडे. हंगाम गेला, पताका गेली, सगळंच गेलं. आता तरी झालं का समाधान?

ताई : कुणामुळे, ते लिहा.

अध्यक्ष : त्याची काय गरज आहे? पोरं पाण्यात उतरत नाहीत, विषय संपला.

ताई : विषय तिथेच सुरू होतो. पाटी वाचली की लोक पहिलं विचारणार, हे केलं कुणी. तुम्ही बोलला नाहीत तर संध्याकाळपर्यंत ठरलेलं असेल की टाकीवाला गावाला गेला होता, त्याच्या निष्काळजीपणानं झालं. अकरा वर्षं ज्यानं गावाची घाण निस्तरली, त्याच्या तोंडाला ती फासली जाईल. माझा भाऊ आहे तो. आणि तुमच्याही मनात ते येऊन गेलं असेल, मी ओळखते तुम्हाला.

अध्यक्ष : येऊन गेलं.

ताई : बोलूनही झालं?

ऑपरेटर : जाऊ दे, ताई.

ताई : म्हणजे झालं. अहो, गावातल्या प्रत्येक बाकावर तुमचं नाव आहे. दिव्याच्या खांबांवर आहे. सार्वजनिक शौचालयाच्या दारावर तर आत आणि बाहेर, दोन्हीकडे आहे. इथेच का हात आखडता?

अध्यक्ष : निवडणूक आहे गं.

ताई : ठाऊक आहे. सहा निवडणुका मी तुम्हालाच मत दिलंय, न विचारता. यावेळी शाई लावून घेताना मला विचार करायला लावू नका. ठेवते. चिमणीला सांगायचंय अजून, रडेल.

अध्यक्ष : ठेवला?

ऑपरेटर : ठेवला.

अध्यक्ष : रडेल ती. फार हट्टी आहे.

ऑपरेटर : आज रडेल. उद्या विसरेल.

अध्यक्ष : मला विचारेल ना, आजोबा का नको. तिला काय सांगू? तिला तांत्रिक कारण चालत नाही. परवा दिवे गेले तर दहा वेळा 'का' विचारलंन.

ऑपरेटर : रंग वाळतोय, दाजी. पुढे काय लिहू?

अध्यक्ष : लिही. 'फिनेल मी ओतलं.'

ऑपरेटर : एवढंच?

अध्यक्ष : 'ऑपरेटरचा दोष नाही.' आणि खाली नाव.

ऑपरेटर : आधी 'माननीय' लावू?

अध्यक्ष : नको. अक्षर मोठं काढ. पाण्याशी येऊन नव्हे, रस्त्यावरूनच वाचता आलं पाहिजे.